बाबांचं फुफ्फुसाचं ऑपरेशन झालं, आता किमो लागू पडेल की नाही हे आधी कळतं का?

परळचा_पोरगा
सोमवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसताच वाचतोय इथे, आज पहिल्यांदा लिहितोय आणि लांबण लागणार आहे, आधीच माफी मागतो.

बाबा ७१ वर्षांचे. गिरणीत लूमवर होते, ८२ च्या संपानंतर सगळं बसलं ते बसलंच, मग वॉचमनची नोकरी करून रिटायर. बिडी वीस वर्षांपूर्वी सोडली. खोकला सुरू झाला तेव्हा नाक्यावरच्या डॉक्टरने एक्सरे बघून टीबी म्हणून गोळ्या चालू केल्या, तीन महिने त्यात गेले, वजन उतरतच चाललं तेव्हा कुठे सीटी झाला आणि मग बायोप्सी, पेट स्कॅन, सगळी वरात. महिन्यापूर्वी ऑपरेशन झालं, उजव्या फुफ्फुसाचा वरचा लोब काढला. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, माणसं चांगली आहेत पण गर्दी एवढी असते की डॉक्टरांसमोर पाच मिनिटं मिळाली तरी नशीब.

रिपोर्टमध्ये आहे ते असं: अॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार, गाठ ४.३ सेंटिमीटर, १४ नोड्स (लसिका गाठी) काढले त्यात एकातही काही नाही, मार्जिन (कापलेली कड) क्लिअर. स्टेज २ ए. ईजीएफआर वगैरे जीन तपासण्यांचे रिपोर्ट यायचेत. किमोच्या डॉक्टरांनी सांगितलं की ४ सायकल, दर २१ दिवसांनी, सिस्प्लॅटिन आणि पेमेट्रेक्स्ड, "फायदा आहे पण थोडा आहे, घरी बोलून ठरवा". आता घरी काय बोलणार? आई गप्प. ताई डोंबिवलीहून फोन करून सांगते की या वयात नको. बाबांचं एकच, गाठ काढली ना, मग आता औषध कशावर मारणार?

त्यात ओपीडीच्या बाहेर एक माणूस भेटला, कुठल्यातरी लॅबचा. म्हणे रक्त द्या, आम्ही त्यातल्या कॅन्सरच्या पेशी लॅबमध्ये ठेवून त्यावर वेगवेगळी किमो टाकून बघतो आणि कुठली लागू पडेल ते आधीच सांगतो. दीड लाखाच्या आसपास. माहितीपत्रकावर चकचकीत ग्राफ. बायकोच्या मावशीला ब्रेस्ट कॅन्सर होता तेव्हा तिची एक जीन टेस्ट करून डॉक्टरांनी किमो टाळली होती, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटतंय की असं असतंच. पैसे उभे करता येतील, तो प्रश्न नाही (आहे, पण करू). प्रश्न हा की आपल्या माणसाला किमोचा उपयोग होणार का हे खरंच आधी कळतं का?

आकडेमोड
मंगळवार, सकाळी ७:१५

आधी डिस्क्लेमर, मी डॉक्टर नाही. औषधांच्या ट्रायल्सचा डेटा तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम, गोरेगावला बसून करतो. त्यामुळे फक्त आकड्यांचं बोलेन.

बाबांचा प्रश्न सगळ्यात बरोबर आहे. गाठ काढलीय, मग औषध कशावर? उत्तर असं की गाठ निघाली तरी काही जणांच्या शरीरात न दिसणाऱ्या पेशी कुठेतरी राहिलेल्या असतात, पेट स्कॅनलाही दिसत नाहीत इतक्या थोड्या, किमो त्यांच्यासाठी. पण त्या कोणाच्यात उरल्यात हे माहीत नसतं म्हणून सगळ्यांनाच देतात. आणि म्हणूनच फायदा "थोडा" दिसतो. २००८ साली सिस्प्लॅटिनच्या पाच मोठ्या ट्रायल्स एकत्र करून हिशेब मांडला, ४,५८४ पेशंट, त्यात ५ वर्षांनी जिवंत असणाऱ्यांमध्ये फरक आला ५.४ टक्क्यांचा. म्हणजे १०० जणांना किमो दिली तर पाच-सहा जण जास्त वाचले. उरलेल्यांचं काय? त्यातले बरेच ऑपरेशननेच बरे झालेले होते, त्यांनी उलट्या फुकट सोसल्या. आणि बरेच असे की किमो देऊनही आजार परत आला. आपला माणूस या तीन खान्यांपैकी कुठल्या खान्यात, हाच तुमचा प्रश्न, आणि तुम्ही एकटे नाही विचारत, जगभर वीस वर्षं लोक याच्या मागे लागलेत.

त्याच हिशेबात स्टेजचाही फरक होता. अगदी लहान गाठीच्या १ ए मध्ये किमोने नुकसानच होतंय की काय असं दिसलं, १ बी मध्ये धड ना इकडे ना तिकडे, २ आणि ३ मध्ये फायदा स्पष्ट. आणि ज्यांची तब्येत आधीच खालावलेली त्यांना फायदा कमी. म्हणजे बघा, सगळ्यात भरवशाचं भाकीत अजूनही गाठीचा साईझ, नोड्स आणि माणूस स्वतःच्या पायाने जिना चढतो का, यावरून होतं. ते तुमच्या फाईलमध्ये आहेच, दीड लाख न देता.

आता त्या टेस्टबद्दल. एक गोष्ट डोक्यात पक्की करा, पेशंटला धोका किती हे सांगणारी टेस्ट वेगळी आणि औषधाने तो धोका कमी होईल का हे सांगणारी टेस्ट वेगळी. तुम्ही परळचे, तुम्हाला हिंदमाता सांगायला नको. उद्या मुसळधार आहे, हिंदमाताला पाणी भरणार, हे कोणीही सांगेल. पण पंप लावला तर ते उतरेल का, हा वेगळाच प्रश्न, कारण समुद्राला भरती असली तर उपसलेलं पाणी जाणार कुठे. पाणी भरणार हे अचूक सांगणारा माणूस पंपाबद्दलही अचूक सांगेल असं काही नाही. बाजारातल्या निम्म्या टेस्ट पावसाचा अंदाज दाखवतात आणि पंपाचे पैसे घेतात.

पंपाचं सिद्ध करायचं तर किमो घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही पेशंट हवेत, तेही चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटलेले, आणि टेस्ट चांगली आलेल्यांना फायदा आणि वाईट आलेल्यांना नाही असं दिसायला हवं. माहितीपत्रकात ते दिसतंय का बघा. मावशींच्या ब्रेस्टच्या बाबतीत बहुतेक ती २१ जीन्सची टेस्ट असणार, तिच्यावर १० हजारांहून जास्त बायकांची ट्रायल झाली आणि २०१८ ला निकाल आला. फुफ्फुसात त्या तोडीचं अजून काही नाही.

निसर्गप्रेमी_आजोबा
मंगळवार, सकाळी ९:०३

किमो म्हणजे विष. माझ्या साडूंना डॉक्टरांनी ६ महिने दिले होते, गव्हांकुराचा रस घेऊन ते ४ वर्षं ठणठणीत होते. वडिलांना त्रास देऊ नका.

रेणुका_कल्याण
मंगळवार, सकाळी ९:४०

आजोबा, राग नका मानू पण तुमच्या साडूंना कुठला कॅन्सर, कुठली स्टेज, ऑपरेशन झालं होतं का, काहीच सांगितलं नाहीत. गव्हांकुराला माझा विरोध नाही, आईला मीही द्यायचे. पण औषधाऐवजी नाही.

परळचा_पोरगा, दादा, माझ्या आईची गोष्ट सांगते, तुमच्यापेक्षा वेगळी आहे कारण तिचं चौथ्या स्टेजला कळलं, आयुष्यात तंबाखूला हात न लावलेली बाई. तिचा ईजीएफआर पॉझिटिव्ह आला, म्हणजे गाठीच्या त्या जीनमध्ये बदल, म्युटेशन, सापडलं. मला तेव्हा वाटलं सुटलो, आता गोळी, किमो नाही. कारण सगळीकडे तेच वाचलेलं, की २००९ ला एक मोठी ट्रायल आली होती, जेफिटिनिब गोळी विरुद्ध किमो, १,२१७ पेशंट, तिथे म्युटेशन असलेल्यांपैकी ७१ टक्क्यांची गाठ गोळीने लहान झाली आणि किमोने ४७ टक्क्यांची. आणि म्युटेशन नसलेल्यांमध्ये गोळीने फक्त १ टक्का! किमोने २३. म्हणजे एकच गोळी, एकाला अमृत आणि दुसऱ्याला नुसतं पाणी. बिडी ओढता की नाही, बाई आहे की पुरुष, यावरून आधी अंदाज बांधायचे, तो अंदाज एका म्युटेशनच्या रिपोर्टने मागे टाकला.

पण आमच्या डॉक्टरांनी गोळीबरोबर किमोही सांगितली. मी भांडले, खोटं कशाला बोलू. तेव्हा त्यांनी टाटाची ट्रायल दाखवली, इथलीच, आपल्या परळची, ३५० पेशंट, २०२० ला छापून आली. नुसत्या जेफिटिनिबवर आजार साधारण ८ महिने थांबून राहिला आणि गोळी अधिक पेमेट्रेक्स्ड-कार्बोप्लॅटिनवर १६ महिने. दुप्पट. त्रासही जास्त होता हे त्यांनी लपवलं नाही. आईने घेतलं. अडीच वर्षं मिळाली, त्यातली दोन चांगली, माझ्या मुलाची मुंज बघितली तिने.

सांगायचं एवढंच की ईजीएफआरचा रिपोर्ट येईपर्यंत काही ठरवू नका, आणि तो आला तरी "मग किमो नकोच" किंवा "मग किमोच" असं स्वतःच ठरवू नका.

स्लाइडवाला
मंगळवार, दुपारी २:२०

मी हिस्टोपॅथमध्ये (गाठीचे तुकडे तपासतात तिथे) टेक्निशियन, ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेले ते तुकडे कापणं आणि स्टेनिंग करणं, म्हणजे रंगवणं, यात १८ वर्षं गेली. लंच टाइममध्ये टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.

आकडेमोड सरांनी पंपाचं बोलले ते वाचून मला ईआरसीसी१ आठवलं. आमच्या लाइनमध्ये एके काळी याची केवढी हवा होती. सिस्प्लॅटिन काय करतं तर पेशीच्या डीएनएच्या दोऱ्यांना गाठी मारून ठेवतं, पेशीला मग डीएनएची कॉपी काढता येत नाही आणि ती मरते. ईआरसीसी१ हे प्रोटीन त्या गाठी कापून काढायच्या कामातलं. मग हिशेब सरळ, ज्या ट्यूमरमध्ये हे प्रोटीन कमी त्याला दुरुस्ती जमणार नाही, तिथे सिस्प्लॅटिन चालणार. २००६ ला मोठ्या जर्नलमध्ये पेपर आला, ७६१ ट्यूमरवर स्टेनिंग केलेलं, आणि निकाल अगदी पुस्तकातल्यासारखा: ईआरसीसी१ नसलेल्यांना किमोचा फायदा, असलेल्यांना काहीच नाही. सगळे खूष. टेस्ट स्वस्त, रोजचं आयएचसी (अँटिबॉडी चिकटवून प्रोटीन रंगवून बघणं), कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होईल.

मग २०१३ ला त्याच ग्रुपने, त्याच जर्नलमध्ये, स्वतःच सांगितलं की जमत नाहीये. दुसऱ्या ट्रायल्सच्या ४९४ पेशंटवर बघितलं तर फायद्याचा पत्ता नाही. बरं, जुन्याच ब्लॉकवर त्याच अँटिबॉडीने परत स्टेन केलं तर पहिल्यासारखं आलं नाही! का, तर अँटिबॉडीची बॅच बदललेली. नाव तेच, नंबर तोच, बाटलीतला माल वेगळा वागतोय. आणि पुढे खोदल्यावर कळलं की या प्रोटीनची चार रूपं आहेत, त्यातलं एकच खरं काम करतं, आणि बाजारातल्या १६ अँटिबॉडी तपासल्या तर एकीलाही ते चारातलं एक वेगळं ओळखता येईना. म्हणजे सात वर्षं आपण काय मोजत होतो ते देवाला माहीत.

बाहेरच्या माणसाला वाटतं रिपोर्ट म्हणजे दगडावरची रेघ. आम्ही रोज बघतो, तपकिरी रंग थोडा गडद आला की पॉझिटिव्ह आणि थोडा फिका आला की निगेटिव्ह, आणि मध्ये उन्हाळ्यात एसी बंद पडलेला असतो. चांगल्या लॅबा म्हणूनच रोज कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला नमुना, सोबत लावतात.

त्या दीड लाखाच्या टेस्टबद्दल माझा एकच साधा प्रश्न, गाठ पूर्ण काढून महिना झाला, नोड्स क्लिअर, तर रक्तात जिवंत कॅन्सर पेशी सापडणार किती, आणि त्या लॅबच्या बशीत वाढवणार किती? आणि बशीत लिव्हर नसतं, किडनी नसते, रक्तपुरवठा नसतो. बशीत मेलेली पेशी शरीरातही मरेलच असं नाही. अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेने २००४ ला आणि परत २०११ ला सांगून झालंय की असल्या सेन्सिटिव्हिटी टेस्टवरून ट्रायलच्या बाहेर किमो ठरवू नका.

आकडेमोड
मंगळवार, रात्री १०:५०

स्लाइडवाले भाऊ, तुम्ही ईआरसीसी१ काढलंत म्हणून राहवत नाही, ड्यूकचं प्रकरण सांगतो. आमच्या क्षेत्रात नवीन पोरं आली की मी पहिल्या आठवड्यात हेच सांगतो.

अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटी. २००६ मध्ये तिथल्या ग्रुपने दोन जबरदस्त पेपर काढले. एकात जीन्सच्या पॅटर्नवरून लवकरच्या स्टेजच्या फुफ्फुस कॅन्सरमध्ये कोणाचा परत येणार ते सांगणार, म्हणजे किमो कोणाला द्यायची ते ठरणार. दुसऱ्यात कुठलं किमोचं औषध कुठल्या ट्यूमरला लागू पडेल तेच थेट. अगदी परळच्या पोराचा प्रश्न, उत्तरासकट. टेक्सासच्या एमडी अँडरसनच्या डॉक्टरांना हे वापरायचं होतं म्हणून त्यांनी आपल्या दोन स्टॅटिस्टिशियनना, बॅगर्ली आणि कूम्ब्स, सांगितलं जरा बघा कसं करायचं. त्या दोघांनी डेटा उघडला आणि आकडे जुळेनात. शोधता शोधता कळलं की जीन्सची यादी एका ओळीने सरकलीय! एक्सेलमध्ये वरची हेडिंगची ओळ सुटते ना, तसं. म्हणजे ज्या जीनचं नाव लिहिलंय त्याच्या शेजारच्या जीनचा आकडा. त्याहून भयंकर म्हणजे काही ठिकाणी औषधाला दाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या पेशींची लेबलं उलटी. विचार करा, ज्याला लागू पडणार त्याला देऊ नका आणि ज्याला नाही त्याला द्या असा सल्ला कॉम्प्युटर देणार.

आणि यावरून खऱ्या पेशंटवर ट्रायल्स चालू होत्या, दोन फुफ्फुसाच्या आणि एक ब्रेस्टची. हे दोघं ओरडत राहिले, २००९ ला सगळा हिशेब छापला, ट्रायल्स थांबल्या आणि चौकशी होऊन परत सुरूही झाल्या. शेवटी बंद कशाने पडल्या माहितीये? २०१० मध्ये बातमी आली की मुख्य संशोधकाने बायोडेटात ऱ्होड्स स्कॉलर (ऑक्सफर्डची मानाची शिष्यवृत्ती) असल्याची थाप मारलीय. गणित चुकलंय म्हणून कोणी हललं नाही, बायोडेटा खोटा निघाला तेव्हा हलले. २०११ मध्ये पेपर मागे घेतले गेले आणि २०१५ मध्ये सरकारी चौकशीत गैरप्रकाराचा ठपका बसला.

म्हणून म्हणतो, चकचकीत ग्राफ बघून पाघळू नका. तो ग्राफ दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या पेशंटवर, परत करून बघितलाय का एवढं विचारा. एजंट फोन उचलायचा बंद होईल.

परळचा_पोरगा
बुधवार, रात्री १२:१०

सगळ्यांचे आभार, खरंच. एजंटला विचारलं. म्हणाला "सर ते डॉक्टरच समजतील" आणि मग त्याच्या साहेबाचा नंबर दिला. साहेब म्हणाले आज घेतलं तर २० टक्के डिस्काउंट. साड्यांच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं. टेस्ट करत नाही हे नक्की.

पण मग उरतं काय? मी आज फाईल परत नीट वाचली. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.२ आहे, ते चालेल का? आणि एक राहिलं होतं, बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, गिरणीतल्या लूमच्या आवाजाने, तिथल्या सगळ्यांचंच तसं, घरी टीव्हीचा आवाज अख्ख्या मजल्याला जातो. त्याचा काही संबंध असेल असं वाटलं नाही म्हणून डॉक्टरांना सांगितलं नाही. काल कुठेतरी वाचलं सिस्प्लॅटिनने कान जातात. खरंय का?

डेकेअर_सिस्टर
बुधवार, सकाळी ६:०५

ड्युटीला निघालेय, लोकलमध्ये लिहितेय.

खरं आहे आणि हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं भाऊ. १२ वर्षं किमो वॉर्डात आहे. सिस्प्लॅटिन कान, किडनी आणि हातापायांच्या नसा या तीन ठिकाणी त्रास देतं, आणि कानाचं गेलेलं बहुतेक परत येत नाही. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं, म्हणून पेशंटला लगेच कळतही नाही. आधीच कान कमजोर असेल तर डॉक्टर बऱ्याचदा कार्बोप्लॅटिनकडे वळतात. ते कानाला आणि किडनीला नरम आहे, प्लेटलेट जास्त पाडतं तो भाग वेगळा. ऑपरेशननंतरच्या पेशंटमध्ये मोठे पुरावे सिस्प्लॅटिनचे आहेत हेही तेवढंच खरं, म्हणून हा बदल डॉक्टरांनीच तोलायचा. पण तोलायला त्यांना माहीत तर पाहिजे! ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, म्युनिसिपल हॉस्पिटलमध्येही होते, अर्ध्या तासाचं काम.

क्रिएटिनिन १.२ नुसतं बघून काही कळत नाही. ७१ वर्षांच्या बारीक माणसाची किडनी १.२ लाही अर्धी असू शकते. वय आणि वजन धरून क्लिअरन्स, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा आकडा, काढतात, ते काढायला सांगा. बाबांचं वजन किती?

पेमेट्रेक्स्ड द्यायचं असेल तर आठवडाभर आधीपासून फॉलिक अॅसिडची रोज गोळी आणि बी१२ चं इंजेक्शन लागतं. लोक ऐन दिवशी येतात आणि मग सायकल पुढे ढकलावी लागते, घरी चिडचिड. बरं, हे पेमेट्रेक्स्डही सगळ्यांना नाही चालत, तुमच्या बाबांच्या अॅडेनो प्रकारात चालतं, स्क्वॅमस नावाच्या दुसऱ्या प्रकारात उलट दुसरी औषधं बरी पडतात. म्हणजे तुम्ही विचारता ते आधीच कळतं का, तर एवढं कळतं, आणि ते बायोप्सीच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं.

वयाचं टेन्शन ताईंना सांगा थोडं कमी घ्यायला. त्याच पाच ट्रायल्समध्ये सत्तरीच्या वरच्यांना डोस कमी मिळाला तरी फायदा तरुणांसारखाच दिसला होता. वय नाही बघत आम्ही, आठवड्याभरात माणूस किती वेळ अंथरुणात असतो ते बघतो. बाबा चालतात ना?

दादर आलं. उतरते.

परळचा_पोरगा
बुधवार, दुपारी १:३०

सिस्टर, वजन ५२. चालतात हो, तिसरा मजला दोनदा चढतात, भाजी आणायला मीच जाणार म्हणून हट्ट. मग धाप लागते ते कोणाला सांगत नाहीत.

आकडेमोड
बुधवार, रात्री ९:२५

५२ किलो, ७१ वर्षं, १.२. पुस्तकातल्या फॉर्म्युल्याने क्लिअरन्स ४२ च्या आसपास येतंय. हे डॉक्टरांसमोर नक्की काढा, सिस्प्लॅटिनला बहुतेक ठिकाणी ५०-६० तरी लागतं आणि पेमेट्रेक्स्डलाही ४५ च्या खाली देत नाहीत. पाणी कमी पीत असतील तर तेही सांगा, आणि क्रिएटिनिन परत करून बघायला सांगा. बघा, दीड लाखाच्या टेस्टने हे सांगितलं असतं का?

ईजीएफआर येईपर्यंत थांबण्याचं कारणही सांगून ठेवतो. म्युटेशन निघालं तर ऑपरेशननंतर ओसिमर्टिनिब गोळी ३ वर्षं देतात, ६८२ पेशंटची ट्रायल होती, २०२३ ला निकाल आला, ५ वर्षांनी ८८ टक्के जिवंत, न घेणाऱ्यांत ७८. तिथे कोणी आधी किमो घेतलेली, कोणी नाही, गोळीचा फायदा दोघांनाही. महाग आहे, २०२४ च्या बजेटात तिच्यावरची कस्टम ड्यूटी माफ केली तरीही महाग.

परळचा_पोरगा
पुढचा मंगळवार, रात्री १०:३८

अपडेट देतो, कारण अर्धवट सोडलेले धागे वाचून मलाच चिडायला होतं.

रिपोर्ट आले. ईजीएफआर निगेटिव्ह, एएलके (तशीच दुसरी जीन) निगेटिव्ह, पीडी-एल१ (इम्युनोथेरपीचा अंदाज देणारं प्रोटीन) शून्य. म्हणजे गोळीचा रस्ता बंद आणि इम्युनोचा विषयही डॉक्टरांनी काढला नाही. रेणुकाताई, तुमची गोष्ट वाचून मनात कुठेतरी पॉझिटिव्ह यावा असं वाटत होतं, कॅन्सरच्या रिपोर्टला पॉझिटिव्ह यावा म्हणून नवस बोलणारा मी पहिलाच असेन.

ऑडिओमेट्री झाली. डावा कान बराच गेलेला, उजवाही वरच्या आवाजांना कमी. क्लिअरन्सचं विचारल्यावर डॉक्टरांनी पहिल्यांदा पेनचं टोपण काढून नीट लिहायला घेतलं. बाबा दिवसाला जेमतेम तीन ग्लास पाणी पीत होते, लघवीला उठायला लागतं म्हणून. चार दिवस बळजबरीने पाणी पाजून परत टेस्ट केली, क्रिएटिनिन १.० आलं. हिशेब पन्नासच्या आसपास गेला. डॉक्टर म्हणाले सिस्प्लॅटिन नको, कार्बोप्लॅटिन आणि पेमेट्रेक्स्ड करू, प्रत्येक सायकलच्या आधी किडनी बघू, बिघडली तर तिथेच थांबू.

मी सरळ विचारलं, सर माझ्या बाबांना उपयोग होईल का. त्यांनी पाच बोटं दाखवली आणि म्हणाले शंभरात एवढे, थोडे कमी धरा कारण औषध बदललंय, आणि ते एवढे कोण हे मला माहीत नाही, कोणी माहीत आहे म्हणालं तर त्याच्याकडे जाऊ नका. खरं सांगू का, ते ऐकून मला बरं वाटलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. शंभरात पाच. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले संपाच्या वेळी पण सगळे हेच विचारायचे, परत कामावर घेतील का, तेव्हा शंभरात पाच पण नव्हते घेतले. मग म्हणाले एक घेऊन बघतो, झेपलं तर दुसरी. ताई अजून फोनवर रागात आहे.

फॉलिक अॅसिड चालू केलंय, बी१२ काल दिलं. पहिली सायकल पुढच्या सोमवारी. सिस्टर, सकाळी किती वाजता पोचावं लागतं? आणि डबा न्यायचा का?

डेकेअर_सिस्टर
बुधवार, सकाळी ६:१०

साडेसातला पोचा, बेडचा नंबर आधी लागतो. आदल्या दिवशीचा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि क्रिएटिनिनचा कागद फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा, शोधायला लावू नका. डेक्साच्या (स्टेरॉइडच्या) गोळ्या आदल्या दिवसापासून लिहिल्या असतील, त्या चुकवू नका, त्या रात्री झोप येणार नाही ते नॉर्मल आहे. डबा न्या, साधा, दहीभात किंवा मऊ खिचडी, तळलेलं नको. स्वेटर न्या, एसी खूप असतो.

आणि घरी दिवसातून दोनदा ताप बघा. १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही, रात्री दोन वाजले तरी इमर्जन्सीला आणायचं. दहाव्या दिवसाच्या आसपास जास्त लक्ष ठेवा.

बाबांच्या उजव्या बाजूला बसा. त्या कानाने ऐकतात ना.